बायबलमधील कठोर वचने संदर्भासह कशी वाचावीत

बायबलमध्ये अशी काही वचने आहेत, की ती एकटी वाचली तर वाचणारा दचकतो. मी शांती नव्हे तर तलवार आणायला आलो आहे, असे येशू सांगतो (मत्तय १०:३४). त्याने सांगितलेल्या एका दाखल्याच्या, म्हणजे बोधकथेच्या, शेवटी राजा आपल्या वैऱ्यांना समोर आणून ठार मारण्याची आज्ञा देतो (लूक १९:२७). १३७ व्या स्तोत्राचे अखेरचे वचन बाबेलची (बॅबिलोनची) तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणते. यहोशवाच्या पुस्तकात तर शहरेच्या शहरे माणसांसकट नष्ट केल्याचे वर्णन येते. ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या तरुणाशी या वचनांची पहिली गाठ बहुधा घरच्या प्रार्थनेत पडत नाही. कुणीतरी वादात ती पुढे करतो तेव्हा पडते. मग उत्तर देण्याच्या घाईत तो एक तर ‘हे सगळे प्रतीकात्मक आहे’ असे म्हणतो, किंवा ‘तो जुना करार होता’ असे सांगून विषय मिटवतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत आणि प्रामाणिक प्रश्नकर्त्याचे त्यांनी समाधान होत नाही.

‘संदर्भ पाहा’ हे उत्तरही पुष्कळदा पळवाटेसारखे वापरले जाते, म्हणून त्याची मर्यादा आधीच सांगितलेली बरी. संदर्भ पाहिल्यावर काही वचनांचा अर्थ वरवर वाटला त्याच्या अगदी उलट निघतो, काहींचा अर्थ विशिष्ट काळापुरता मर्यादित ठरतो, आणि काही वचने सगळा संदर्भ पाहूनही जड राहतात. या तिन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजणारा माणूस प्रत्येक वचनाचा बचाव करण्याच्या नादात शेवटी हिंसेचाच बचाव करू लागतो. पुढे दिलेली पद्धत घरी एकट्याने वाचणाऱ्यांसाठी आहे, तशीच मंडळीत किंवा धर्मग्रामात बायबल अभ्यासाची बैठक घेणाऱ्यांसाठीही आहे.

वचन कोण बोलतो, कुणाला बोलतो

सुरुवात अगदी साध्या कामापासून करावी. वचनाच्या मागचा आणि पुढचा भाग, शक्य तर सबंध अध्याय, मोठ्याने वाचावा. नव्या कराराला आज आपण पाहतो ते वचनक्रमांक मुद्रक रॉबेर एस्तिएन याच्या १५५१ च्या आवृत्तीत प्रथम आले, आणि अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. लूकने किंवा पौलाने क्रमांक घालून लिहिले नव्हते. क्रमांकामुळे वचन शोधणे सोपे झाले, पण त्याचबरोबर ते कापून वेगळे काढणेही सोपे झाले. वाचताना दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत: हे शब्द नेमके कुणाच्या तोंडचे आहेत, आणि ते ऐकणारा कोण आहे? जवळ दोन मराठी अनुवाद ठेवावेत. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला अनुवाद, बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ यांपैकी कोणतेही दोन शेजारी ठेवून वाचले, तरी एका अनुवादात निसटलेला धागा दुसऱ्यात सापडतो.

लूक १९:२७ हे वचन या दोन प्रश्नांची उत्तम परीक्षा घेते. ‘ज्यांना मी राजा नको होतो त्या माझ्या वैऱ्यांना इकडे आणा आणि माझ्यासमोर ठार मारा’ अशा आशयाचे ते वाक्य एकटे वाचले, तर येशूच आपल्या शिष्यांना आज्ञा देत आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते मोहरांच्या दाखल्यातील राजाचे, आपल्या चाकरांना उद्देशून काढलेले उद्गार आहेत. दाखला सुरू होतो बाराव्या वचनात: एक उमराव आपल्यासाठी राज्य मिळवून परत यावे म्हणून दूरदेशी जातो, आणि त्याचे नागरिक त्याचा द्वेष करत असल्यामुळे त्याच्या मागोमाग वकील पाठवून हा आम्हांला राजा नको असे कळवतात.

पहिल्या शतकातील यहूदी श्रोत्याला ही गोष्ट कल्पनेतली वाटली नसणार. थोरला हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मरण पावल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव औगुस्त कैसराकडून राजपद मिळवण्यासाठी रोमला गेला. त्यापूर्वी वल्हांडणाच्या सणात त्याच्या सैनिकांनी यरुशलेमेत सुमारे तीन हजार माणसे मारली होती. त्याच्या पाठोपाठ पन्नास यहूद्यांचे शिष्टमंडळ रोमला गेले आणि हा आमच्यावर नको अशी विनवणी त्यांनी केली. हे सर्व इतिहासकार योसेफस याने नोंदवले आहे. औगुस्ताने अर्खेलावाला राजा हा किताब दिला नाही, पण प्रदेश दिला, आणि इ. स. ६ मध्ये त्याला पदावरून काढून गॉलमध्ये हद्दपार केले. याच अर्खेलावाने यरीहोतील राजवाडा पुन्हा थाटात बांधला होता, आणि लूकच्या शुभवर्तमानात हा दाखला जक्कयाच्या घटनेला लागूनच, म्हणजे यरीहोच्या परिसरात, सांगितला जातो.

दाखल्यातील राजा म्हणजे न्यायासाठी परत येणारा ख्रिस्त, असा अर्थ चर्चच्या परंपरेत बहुतेकांनी लावला. तो राजा मुद्दामच अर्खेलावासारखा जुलमी रंगवला असून, देवाचे राज्य आत्ताच प्रकट होणार अशी वाट पाहणाऱ्यांना (लूक १९:११) जगातील राज्ये कशी येतात हे येशू दाखवतो, असे अलीकडच्या काही अभ्यासकांना वाटते. पहिल्या अर्थात न्यायनिवाड्याचा इशारा आहे आणि तो गंभीर आहे. तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. मात्र कोणताही अर्थ घेतला तरी शिष्यांच्या हाती शस्त्र दिलेले नाही. पुढच्याच वचनात येशू यरुशलेमेच्या वाटेला लागतो, शिंगरावर बसून येतो, आणि शहर दृष्टीस पडताच, शांतीच्या गोष्टी या शहराला कळल्या असत्या तर किती बरे झाले असते, असे म्हणून रडतो (१९:४१-४२). सत्ताविसावे वचन उद्धृत करणाऱ्याने त्यानंतरची पंधरा वचने वाचल्याशिवाय थांबू नये.

मत्तय १०:३४ मध्ये बोलणारा स्वतः येशू आहे, त्यामुळे ‘हे दुसऱ्या कुणाचे शब्द आहेत’ असे म्हणता येत नाही. इथे दुसरा प्रश्न कामास येतो, तो म्हणजे ऐकणाऱ्याचा. हा सबंध अध्याय बारा शिष्यांना पाठवण्याच्या प्रसंगाचा आहे. सोने-रुपे घेऊ नका, काठीही घेऊ नका, लांडग्यांमध्ये मेंढरांना पाठवावे तसे मी तुम्हांला पाठवतो, तुम्हांला फटके मारतील, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे त्यांना सांगितले जाते. ज्यांना काठीसुद्धा घेऊ दिली नाही, त्यांना तलवार चालवायला सांगितले असा अर्थ या अध्यायात बसत नाही. इथली तलवार शिष्यांवर येणारी आहे. पुढच्या दोन वचनांत येशू मीखा संदेष्ट्याचे (७:६) शब्द वापरून घरातली माणसेच वैरी होतील असे सांगतो, आणि लूक १२:५१ मध्ये याच ठिकाणी तलवारीऐवजी ‘फूट’ असे म्हटले आहे. महाराष्ट्रात या वचनाचा अर्थ समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई व ते काही वर्षे एकमेकांपासून दुरावले. दोन्ही बाजूंनी जे सोसले गेले, त्यालाच हे वचन तलवार म्हणते.

‘तलवार नसेल त्याने अंगरखा विकून ती घ्यावी’ हे लूक २२:३६ मधील वचनही असेच शेवटपर्यंत वाचावे. शिष्य दोन तलवारी दाखवतात, येशू ‘पुरे’ म्हणतो, आणि काही वेळाने त्यांपैकी एक खरोखर चालते तेव्हा तो ‘हे थांबवा’ असे सांगून जखमीचा कान बरा करतो (२२:५१). अकरा माणसांच्या सशस्त्र संरक्षणाला दोन तलवारी कशा पुरतील, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा.

उताऱ्याचा साहित्यप्रकार

यानंतर उतारा कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवावे: कथा, कायदा, गीत, विलाप, दाखला, पत्र की दर्शन. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणाविषयी काढलेल्या दस्तऐवजात, लेखकाला काय म्हणायचे होते हे शोधताना साहित्यप्रकार लक्षात घेतलाच पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. शास्त्राचा अर्थ शास्त्राच्या आधारे लावावा, या धर्मसुधारकांच्या तत्त्वातूनही प्रोटेस्टंट वाचक याच ठिकाणी पोहोचतो.

कथेच्या बाबतीत एक नियम पुरतो: सांगितले म्हणजे संमती दिली असे नव्हे. शास्ते १९ मध्ये एका स्त्रीवर रात्रभर अत्याचार होतो आणि तिच्या देहाचे तुकडे करून देशभर पाठवले जातात. ते पुस्तक संपते ते ‘प्रत्येक जण आपल्या दृष्टीला योग्य दिसेल ते करी’ अशा अर्थाच्या वाक्यावर, आणि तोच त्या काळावरचा अभिप्राय आहे.

कायद्याच्या उताऱ्यांविषयी इतकेच पाहावे, की त्या वेळी काय रूढ होते आणि कायद्याने त्याला कुठे बांध घातला. डोळ्याबद्दल डोळा (निर्गम २१:२४) हा नियम सूड वाढवत नाही. उत्पत्ती ४:२४ मध्ये लामेख सत्त्याहत्तर पट सुडाची फुशारकी मारतो. त्याच्या शेजारी ठेवले तर एका डोळ्याबद्दल एकच डोळा ही मर्यादा ठरते. येशू पुढे ती मर्यादाही ओलांडायला लावतो (मत्तय ५:३८-३९).

स्तोत्रांकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण तिथे भक्तच देवाशी बोलताना भयंकर शब्द वापरतो. १३७ वे स्तोत्र ‘बाबेलच्या नद्यांजवळ’ बसून रडणाऱ्या बंदिवानांचे आहे. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, आणि राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारून नंतर त्याचे डोळे काढले (२ राजे २५:७). पकडून नेणारेच त्या लोकांना सियोनेची गाणी गायला सांगत होते. तान्ही मुले आपटून मारणे हा त्या काळच्या युद्धांतला माहीत असलेला प्रकार होता; २ राजे ८:१२ आणि नहूम ३:१० मध्ये त्याचा उल्लेख आहे. म्हणजे स्तोत्रकार नवे क्रौर्य कल्पून सांगत नाही. आपल्या लोकांनी जे पाहिले तेच बाबेलच्या वाट्याला यावे असे तो म्हणतो. यात कुणाला आज्ञा नाही आणि देवाचे वचनही नाही. ज्याच्या हाती काहीच उरलेले नाही असा माणूस आपला संताप हत्याराऐवजी प्रार्थनेत ओततो आहे. ते स्तोत्र तिथेच संपते, देव त्याला उत्तर देत नाही, आणि ही गोष्ट वाचकाने नजरेआड करू नये.

हे स्तोत्र वाचल्यावर लगेच यिर्मया २९ वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. यरुशलेमेहून यिर्मया बाबेलमधील बंदिवानांना पत्र पाठवतो, घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी देवाकडे प्रार्थना करा, असे त्यात सांगतो. एकाच संकटात सापडलेल्या लोकांचे हे दोन आवाज एकाच ग्रंथात जपले गेले आहेत. संतापाला बोलू दिले आहे, पण पुढे कसे जगायचे याची सूचना त्या संतापाकडून घेतलेली नाही.

चर्चने या वचनाशी वेगवेगळ्या प्रकारे व्यवहार केला. प्राचीन चर्चमधील ओरिगेन व संत ऑगस्टीन या शास्त्रपंडितांनी बाबेलची मुले म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार आणि खडक म्हणजे ख्रिस्त असा अर्थ लावला, आणि सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांच्या नियमावलीतही तो आला. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ च्या सुधारणेत प्रहरांच्या प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण, आणि इतर काही स्तोत्रांतील अशी वचने वगळली. समूहाने गाताना ती वगळण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. अभ्यासाच्या बैठकीत मात्र ती वगळू नयेत, आणि ओरिगेनचा अर्थ सांगण्यापूर्वी खऱ्या मुलांचा व खऱ्या युद्धाचा उल्लेख अवश्य करावा, नाहीतर रूपकाच्या आड माणसांचे दुःखच दिसेनासे होते.

दर्शनग्रंथाविषयी थोडक्यात सांगता येते. प्रकटीकरण हे रोमन सत्तेखाली राहणाऱ्या आशियातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, सात मंडळ्यांना लिहिलेले आहे. एकोणिसाव्या अध्यायातील घोडेस्वाराचे वस्त्र लढाईला तोंड लागण्यापूर्वीच रक्तात बुचकळलेले आहे, आणि त्याची तलवार त्याच्या मुखातून निघते. पाचव्या अध्यायात योहानाला सिंहाची वार्ता ऐकू येते आणि पाहतो तो वधलेला कोकरा दिसतो. पुढची सगळी युद्धचित्रे त्या कोकऱ्याच्या मागून वाचावीत.

यहोशवा आणि कनानी लोक

सर्वांत अवघड उतारे इथे आहेत. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात कनानातील, म्हणजे इस्राएल लोक ज्या देशात शिरले तिथल्या, राष्ट्रांचा समूळ नाश करण्याची आज्ञा आहे, आणि यहोशवा ६ ते ११ मध्ये ती पाळल्याचे वर्णन आहे. इथे आज्ञा देणारा देव आहे असे ग्रंथच म्हणतो, त्यामुळे वक्ता कोण हा प्रश्न आपल्याला सोडवत नाही.

पहिले काम म्हणजे ग्रंथ स्वतः काय काय म्हणतो ते सगळे गोळा करणे. यहोशवा १०:४० म्हणते की इस्राएलचा पुढारी यहोशवा याने कुणालाही जिवंत ठेवले नाही. हेब्रोन आणि दबीर ही नगरे त्याच अध्यायात नष्ट झालेली आहेत. पण १३:१ मध्ये देव सांगतो की पुष्कळ देश घ्यायचा राहिला आहे, १५ व्या अध्यायात कालेब त्याच हेब्रोनातून लोकांना पुन्हा घालवतो, १५:६३ मध्ये यबूसी यरुशलेमेत राहतच आहेत, आणि शास्त्यांच्या पहिल्या अध्यायात न घालवलेल्या कनानी लोकांची लांबलचक यादी येते. अनुवाद ७:२ मध्ये समूळ नाश करा असे सांगून लगेच तिसऱ्या वचनात त्यांच्याशी सोयरीक करू नका असे सांगितले आहे. मेलेल्या लोकांशी सोयरीक होत नसते. या ग्रंथाचे संकलन करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे.

दुसरे काम, त्या काळचे इतर राजे विजयाचे वर्णन कसे करत ते पाहणे. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल उजाड झाला, त्याचे बीज उरले नाही, असे कोरलेले आहे. मवाबाचा राजा मेशा याचा इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात इस्राएल कायमचा नाश पावला असे म्हटले आहे, आणि नबो गावातील सात हजार माणसे, स्त्रियांसह, आपल्या दैवताला वाहून मारल्याचे सांगितले आहे. त्यासाठी वापरलेला शब्द हिब्रू बायबलमधील ‘हेरेम’ (देवाला वाहून समूळ नाश करणे) याच धातूचा आहे. दोन्ही वेळा इस्राएल संपला नव्हता. समूळ संहाराची भाषा ही त्या प्रदेशातील विजयलेखांची ठरलेली भाषा होती, हे यावरून दिसते. यरीहो येथे कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात केलेल्या उत्खननात, कोसळलेले तट यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या बरेच आधीचे असल्याचा निष्कर्ष निघाला. त्यावर मतभेद आहेत, पण तो झाकून ठेवू नये.

या सामग्रीवरून ख्रिस्ती अभ्यासक वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचतात. काही जण म्हणतात की आज्ञा खरीच होती, पण एका काळापुरती आणि एका देशापुरती होती, आणि ती पुन्हा कधीही कुणाला दिली गेली नाही. काही जण ती विजयलेखांच्या अतिशयोक्तीची भाषा मानतात. काहींच्या मते हे पुस्तक आजच्या रूपात पुष्कळ नंतर, राष्ट्र मोडल्याच्या अनुभवातून घडले आणि त्यात मूर्तिपूजेपासून दूर राहण्याची शिकवण युद्धकथेच्या रूपात मांडली गेली. तिसऱ्या शतकात ओरिगेनने तर असे म्हटले, की ही युद्धे आत्मिक युद्धांची चित्रे नसती, तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तके मंडळ्यांत वाचायला दिलीच नसती. मला दुसरे व तिसरे मत अधिक सबळ वाटते, कारण ते ग्रंथातील विसंगतीला उत्तर देतात. परंतु अतिशयोक्ती मानली तरी ‘कमी माणसे मारली’ एवढेच सिद्ध होते, आणि वाचकाच्या विवेकाचा प्रश्न त्याने संपत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ‘ते लोक त्याच लायकीचे होते’ हे स्पष्टीकरण मात्र कुणीही देऊ नये. आपल्या शेजाऱ्याविषयी तेच वाक्य उच्चारण्याची सवय त्यातूनच लागते.

तिसरे काम, धागा पुढे कुठे जातो ते शोधणे. यहोशवाच्या पुस्तकातच यरीहोची राहाब आपल्या घराण्यासह वाचते, आणि मत्तय १:५ मध्ये ती येशूच्या वंशावळीत येते. पाचव्या अध्यायात उपसलेली तलवार घेतलेला पुरुष यहोशवाला भेटतो आणि तू आमच्या बाजूचा की शत्रूंच्या, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देतो. आणि शुभवर्तमानात एक परराष्ट्रीय स्त्री आपल्या मुलीसाठी येशूकडे येते, तेव्हा मार्क तिला सुरफुनीकी म्हणतो, पण मत्तय (१५:२२) मुद्दाम जुने नाव वापरून तिला कनानी म्हणतो. यहोशवा वाचून आलेल्या वाचकाला ते नाव खटकल्याशिवाय राहत नाही. येशू प्रथम तिला नकार देतो, ती हटत नाही, आणि शेवटी तिच्या विश्वासाची तो प्रशंसा करतो व तिची मुलगी बरी होते.

ख्रिस्त हा मापदंड कसा वापरायचा

ख्रिस्ती वाचक सगळे शास्त्र ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो असे आपण म्हणतो. हे प्रत्यक्षात कसे करायचे, त्याची उदाहरणे येशूच्याच वाचनात आहेत. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचला आणि ‘प्रभूच्या प्रसादाचे वर्ष’ या शब्दांवर थांबून ग्रंथपट गुंडाळला (लूक ४:१८-२०). यशयात त्याच वाक्यात पुढे देवाच्या सुडाचा दिवस येतो. एका शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब आणि योहान यांनी आकाशातून अग्नी पाडू का असे विचारले. एलीयाने तसे केल्याची कथा २ राजे १ मध्ये आहे, म्हणजे त्यांच्याजवळ शास्त्राधार होता. येशूने त्यांना धमकावले आणि सगळे दुसऱ्या गावी गेले (लूक ९:५२-५६). शास्त्रातील उदाहरण हाती असूनही ते लागू करणे चूक ठरू शकते, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

यावरून जुना करार बाजूला सारावा असा अर्थ काढू नये. दुसऱ्या शतकातील मार्सियोन या शिक्षकाने नेमके तेच केले, आणि इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर हे लेवीय १९:१८ मधील वचन आहे. वैऱ्याचा भटकलेला बैल त्याच्याकडे पोहोचव हे निर्गम २३:४ मध्ये आहे. भुकेल्या वैऱ्याला जेवू घाल असे पौल रोमकरांस लिहितो, ते नीतिसूत्रांतून उचललेले आहे. यहूद्यांचा देव क्रूर आणि आमचा प्रेमळ, ही मांडणी खोटी आहे, आणि तिने इतिहासात रक्त सांडले आहे. ‘त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो’ (मत्तय २७:२५) हे एका जमावाचे उद्गार सबंध यहूदी लोकांवर लादले गेले. तो दोष सर्व यहूद्यांवर ठेवता येत नाही असे कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अधिकृतपणे जाहीर केले, तोवर शतके उलटून गेली होती.

म्हणून प्रत्येक कठोर वचनाचा गैरवापर कसा झाला, हेही अभ्यासाचा भाग धरावे. देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीती वाढवत नाही तो अर्थ शास्त्र न समजल्याचे लक्षण आहे, असा उत्तम नियम संत ऑगस्टीन यांनी घालून दिला. त्याच ऑगस्टीन यांनी पुढे उत्तर आफ्रिकेतील दोनातवाद्यांवर, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटावर, राजसत्तेची सक्ती योग्य ठरवताना लूक १४:२३ मधील ‘आत येण्यास भाग पाड’ या शब्दांचा आधार घेतला, आणि ते वचन पुढे अनेक शतके जबरदस्तीच्या समर्थनार्थ वापरले गेले. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे हक्क १६८५ मध्ये काढून घेतल्यावर पियेर बेल या विचारवंताने १६८६ पासून या एका वचनाच्या गैरवापराविरुद्ध सबंध ग्रंथ लिहिला. दाखला वाचला तर दिसते, की यजमान रस्त्यावरच्या आणि कुंपणाकडेच्या गोरगरिबांना मेजवानीला आणायला सांगतो, ज्यांना आपण त्या घरात शोभणार नाही असे वाटत असणार. ते भाग पाडणे आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रहासारखे आहे. शिपाई पाठवण्याशी त्याचा संबंध नाही.

बैठकीत हा विषय घेताना

बैठक घेणाऱ्याने उतारा आठवडाभर आधी कळवावा, कारण ऐकणाऱ्यांत घरातील मारहाण किंवा दंगल सोसलेले कुणी असू शकते, आणि त्यांना ही वचने अचानक ऐकवू नयेत. उतारा पूर्ण वाचून झाल्यावर स्पष्टीकरणाआधी लोकांना काय वाटले ते बोलू द्यावे. कुणी ‘हे मला पटत नाही’ असे म्हणाले, तर त्याच्या विश्वासावर शंका घेऊ नये. अब्राहामाने सदोमासाठी देवाशी घासाघीस केली होती (उत्पत्ती १८). मंडळ्यांमध्ये मतभेद असतील तिथे आपल्या पाळकाचे किंवा फादरांचे मत सांगावे, पण ते एकमेव ख्रिस्ती मत आहे असे भासवू नये.

अन्य धर्माच्या मित्राने प्रश्न विचारला, तर त्याच्या धर्मग्रंथातील कठोर वचने काढून दाखवण्याचा मोह टाळावा. आपल्या वचनाला जो संदर्भ, जो काळ आणि जी व्याख्यापरंपरा आपण मागतो, तीच त्याच्या वचनालाही दिली पाहिजे. मत्तय ७:१२ मधील नियम वाचनालाही लागू होतो.

१ शमुवेल १५, म्हणजे अमालेकी या इस्राएलच्या शत्रू जमातीच्या संहाराची आज्ञा, बैठकींच्या मालिकेच्या अखेरीस घ्यावा. वर सांगितलेली सगळी साधने वापरूनही तो अध्याय जड राहतो, आणि कोणतेही एक स्पष्टीकरण त्याला पुरे पडत नाही असे माझे मत आहे. उत्तर अमेरिकेतील वसाहतींत काही उपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी ठरवले होते, हेही त्या बैठकीत सांगावे. तिथे घाईने समारोप न करता पुढच्या आठवड्यासाठी योनाचे पुस्तक वाचायला द्यावे. निनवे ही ज्या अश्शूरची राजधानी होती, त्याच अश्शूरने इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले. अशा शत्रूवर देव दया करतो म्हणून संदेष्टाच रागावतो, आणि देव त्याच्याशी वाद घालतो. चारही अध्याय मिळून अठ्ठेचाळीस वचने आहेत. ती एकाच बैठकीत मोठ्याने वाचून होतात, आणि चर्चेला पुरेसा वेळही उरतो.